रिकाम्या जागांचे धोरण

जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये आपली अर्थव्यवस्था सर्वांत वेगाने वाढत आहे, असा डांगोरा रोज पिटला जातो. आम्ही त्या आकड्याशी भांडत बसणार नाही. २०२४-२५ साली वाढीचा दर साडेसहा टक्के होता, आदल्या वर्षी त्याहून जास्त होता. वाढ झाली हे खरे. ती कोणाच्या श्रमावर झाली आणि श्रम करणाऱ्याच्या पदरात काय पडले, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इटारसीच्या यार्डात रात्रपाळी करणाऱ्या पॉइंट्समनला आणि गडचिरोलीच्या पाड्यापाड्यांतून टपाल नेणाऱ्या डाकसेवकाला जितका आहे, तितका दिल्लीच्या वातानुकूलित दालनात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कोणत्याही तज्ज्ञाला नाही.

आधी रेल्वेचा हिशेब मांडू. १९९०-९१ साली, म्हणजे नवे आर्थिक धोरण येण्याच्या आदल्या वर्षी, रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख कामगार होते आणि त्या वर्षी रेल्वेने सुमारे ३२ कोटी टन माल वाहिला. २०२३-२४ साली मालाचा आकडा १५९ कोटी टनांच्या घरात गेला आणि कामगार उरले बारा लाखांच्या आसपास. प्रवासी त्याच काळात ३८५ कोटींवरून ६९० कोटींच्या आसपास पोहोचले. माल पाचपट, प्रवासी पावणेदोन पट आणि माणसे पाऊणपटीहून कमी! एका कामगारामागे वाहिला जाणारा माल सहापटीहून अधिक वाढला. याला सरकार ‘कार्यक्षमता’ म्हणते आणि पाठ थोपटून घेते. थोपटून घ्यायला पाठ सरकारची, वाकलेली पाठ मात्र आमची.

यावर ठरलेले उत्तर येते की यंत्रे आली, संगणक आले, म्हणून माणसे कमी लागतात. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. वाफेची इंजिने गेली तेव्हा कोळसा ओढणाऱ्या फायरमनचे काम संपले. त्या आगीसमोर पुन्हा कोणी उभे राहावे असे आम्हाला वाटत नाही. ब्रॉडगेजवरील पहारेकरी नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, हेही चांगले झाले. पण यंत्र एक काम घेते तेव्हा दुसरे काम निर्माण करते, हे कोण सांगणार? जवळजवळ सगळी ब्रॉडगेज लाइन आज विजेवर आली. ती तार कोण तपासतो? सिग्नल स्वयंचलित झाले. पावसात ते बिघडतात तेव्हा डोक्यावर छत्री आणि हातात टेस्टर घेऊन रिले रूमकडे कोण पळतो? गाडी शंभराऐवजी एकशेतीसने धावायची असेल तर रुळाची देखभाल अधिक काटेकोर लागते, कमी नाही. ही देखभाल करणारा गँगमन (आता त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, नाव बदलले, हातोडा तोच) अजूनही थंडीत, उन्हात, रात्री कंदील-बॅटरी घेऊन मैलोन् मैल चालतो.

म्हणून जागा कमी झाल्या त्या केवळ यंत्रामुळे नव्हेत. त्या ठरवून रिकाम्या ठेवल्या गेल्या आणि मग ‘बराच काळ रिकाम्या आहेत, अर्थात गरज नाही’ असे म्हणून रद्द केल्या गेल्या. २०१५-१६ ते २०२०-२१ या सहा वर्षांत रेल्वेने ‘क’ आणि ‘ड’ गटातील ७२ हजारांहून अधिक जागा रद्द केल्या. जुलै २०२० मध्ये, लोक करोनाने हैराण असताना आणि रेल्वे कामगार श्रमिक गाड्यांच्या कामात असताना, रेल्वे बोर्डाचे पत्र निघाले की नव्या जागा निर्माण करू नका आणि सुरक्षेच्या वर्गाबाहेरील निम्म्या रिकाम्या जागा सरेंडर करा. पुढे १ जुलै २०२३ रोजी ‘क’ गटात २,४८,८९५ जागा रिकाम्या होत्या. हा आकडा आमचा नाही. मंत्रिमहोदयांनी संसदेत दिलेला आहे. २०२४ साली माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराप्रमाणे सुरक्षेच्या वर्गातील सुमारे दहा लाख जागांपैकी दीड लाखांहून अधिक रिकाम्या होत्या. सुरक्षेच्या वर्गातील! म्हणजे ड्रायव्हर, पॉइंट्समन, ट्रॅकमन, सिग्नल मेंटेनर. ज्यांच्या हातात गाडीतल्या हजार-दीड हजार माणसांचा जीव असतो ते.

रिकामी जागा म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. ती कागदावर शून्य असते. लाइनीवर ती एका माणसाच्या अंगावर पडलेले दुसऱ्या माणसाचे काम असते. वीस जणांच्या गँगमध्ये बारा जण आले की बीटची लांबी कमी होत नाही, माणूस जास्त चालतो. स्टेशन मास्तरला रिलीव्हर नाही, म्हणून त्याची साप्ताहिक सुटी पुढे ढकलली जाते. ड्रायव्हरच्या बाबतीत तर १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको कर्मचाऱ्यांनी संप करून दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले होते. पन्नास वर्षे उलटून गेली, आणि जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतील ड्रायव्हर अजून तेच मागत होते: ड्युटीच्या तासांना मर्यादा आणि आठवड्याला धड ४६ तासांची विश्रांती. पन्नास वर्षांत चंद्रावर यान उतरवता आले, पण इंजिनातल्या माणसाला झोप देता आली नाही.

त्याच जून महिन्याच्या १७ तारखेला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणी स्टेशनाजवळ मालगाडी मागून कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळली आणि दहा जण मरण पावले. मृतांत मालगाडीचा ड्रायव्हर होता आणि एक्सप्रेसचा गार्डही होता. ढिगारा उपसून व्हायच्या आधी, त्याच दिवशी, रेल्वे बोर्डाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर करून टाकले की मालगाडीच्या ड्रायव्हरने सिग्नल मोडला. मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नाही. त्यामुळे तो नेहमीच सोयीचा आरोपी असतो. नंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला. पहाटेपासून त्या भागातले स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते, ड्रायव्हरच्या हाती लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी देणारा चुकीचा कागद दिला गेला होता आणि किती वेगाने जायचे हे त्यात लिहिलेले नव्हते, हे त्यातून बाहेर आले. हा अपघात होण्याची वाटच पाहत होता, असा आयुक्तांचा शेरा होता. स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर काय करायचे याचे धड शिक्षण ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तरांना दिलेले नव्हते.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण या लेखातली आमची सगळी तक्रार त्यात आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली होती. देशभरातल्या रेल्वेंनी याहून कितीतरी जास्त माणसांची मागणी केलेली असणार, हे कोणत्याही शेडमधल्या क्रू कंट्रोलरला विचारले तरी कळले असते. रंगापाणीचा अपघात झाला आणि एक-दोन दिवसांत त्याच जाहिरातीतला आकडा १८,७९९ झाला. तिपटीहून अधिक! दोन दिवसांत गरज तिप्पट झाली काय? गरज आधीही होती, ती वरच्यांना माहीतही होती. फक्त दहा माणसे मरेपर्यंत ती मान्य करायची नव्हती.

बालासोरचेही तेच. २ जून २०२३ च्या संध्याकाळी बहानगा बाजार स्टेशनात तीन गाड्यांच्या त्या अपघातात जवळजवळ तीनशे माणसे गेली. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या चुकीच्या बदलांवर बोट ठेवले गेले, तीन रेल्वे कर्मचारी अटकेत गेले. ज्याची चूक असेल त्याची शिक्षा त्याला व्हावी, आमचा त्याला विरोध नाही. पण चौकशी नेहमी खालच्या तीन पायऱ्यांवर येऊन थांबते. जागा भरायच्या नाहीत, हा निर्णय घेणारा कधी अटकेत गेल्याचे कोणी ऐकले आहे?

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ सालीच हे सारे लिहून ठेवले होते. चार वर्षांत सुमारे सोळाशे रेल्वे कामगार कामावर मेले, सुरक्षेच्या वर्गातल्या जागा तातडीने भरा, पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये सुरक्षेवर खर्च करा, असे त्यात होते. एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष २०१७-१८ मध्ये स्थापनही झाला. मग डिसेंबर २०२२ मध्ये महालेखापालांचा अहवाल संसदेपुढे आला. रूळ नूतनीकरणावरचा खर्च घटत चालला आहे आणि संरक्षा कोषातून पाय चेपण्याची यंत्रे, क्रोकरी, फर्निचर आणि हिवाळी जाकिटे घेतली गेली, असे त्यात नोंदलेले आहे. बारा तास रूळ तुडवून आलेल्या ट्रॅकमनचे पाय चेपले गेले असते तर आम्ही एक अवाक्षर काढले नसते.

पैसा नाही, असे आता कोणी म्हणत नाही, कारण म्हणता येत नाही. गेली काही वर्षे रेल्वेची भांडवली तरतूद दरसाल अडीच लाख कोटींच्या वर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरचा कर एका फटक्यात तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला; त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडले असे सरकारनेच सांगितले. आणि पुढच्या वर्षी करोनाचे कारण सांगून आमच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते, अठरा महिन्यांचे, गिळले गेले. सुमारे ३४ हजार ४०० कोटी रुपये. ते आजतागायत परत मिळालेले नाहीत. कंपन्यांना दिले ते उत्तेजन, आमचे घेतले ती काटकसर!

पैसा कोठे जातो ते मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. ५०८ किलोमीटर, १ लाख ८ हजार कोटींचा अंदाज. बरोबर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरच्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसे मेली. कामावर निघालेली माणसे होती ती. रुंद पुलाची मागणी जुनी होती. तो पूल शेवटी लष्कराला बोलावून बांधावा लागला. वेगवान गाडीला आमचा विरोध आहे असे समजू नका. वंदे भारतचा पहिला संच चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतल्या सरकारी कामगारांनी दीड वर्षात उभा करून दाखवला. पण करून दाखवले त्यांनी, आणि लातूरच्या सरकारी पैशाने बांधलेल्या कारखान्यात वंदे भारतचे स्लीपर संच बांधण्याचे काम गेले रशियन भागीदारीतल्या कंपनीकडे. घर बांधायचे आपण आणि किल्ली द्यायची दुसऱ्याला.

बाहेर उभ्या असलेल्या पोरांकडे पाहा. २०१९ च्या रेल्वे ‘ड’ गट भरतीत १,०३,७६९ जागांसाठी एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास अर्ज आले. २०२५ मध्ये ३२,४३८ जागांसाठी पुन्हा एक कोटीहून अधिक. एका जागेमागे तीनशेवर अर्ज. जानेवारी २०२२ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात याच भरतीच्या घोळावरून मुले रुळांवर उतरली, गयेला डबे जळले. त्याआधी २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादरच्या मध्ये अप्रेंटिस झालेली पोरे भर गर्दीच्या वेळी लाइनीवर बसली होती. रेल्वेच्याच कारखान्यात शिकलेली पोरे, आणि रेल्वेतच जागा रिकाम्या! एका बाजूला काम करायला माणूस नाही, दुसऱ्या बाजूला माणसाला काम नाही, आणि या दोघांच्या मध्ये सरकार ‘रोजगार मेळा’ भरवते. जून २०२२ मध्ये दीड वर्षात दहा लाख भरतीची घोषणा झाली. वर्षानुवर्षे अडवून ठेवलेल्या त्याच मंजूर जागांची नेमणूकपत्रे समारंभात वाटायची आणि त्याला नवा रोजगार म्हणायचे, ही मखलाशी आहे.

टपाल खात्यातली गोष्ट याहून जुनी आणि याहून लाजिरवाणी आहे. रेल्वेत जागा रिकामी ठेवतात. टपालात जागा भरतात, पण तिला जागा म्हणत नाहीत. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसे आहेत, त्यांतली दहापैकी जवळजवळ नऊ खेड्यांत आहेत, आणि ती चालतात अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाकसेवकांवर. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे डाकसेवक (तेव्हाचे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट) सरकारी नागरी पद धारण करतात. त्याला जवळजवळ पन्नास वर्षे झाली. न्या. तलवार समिती झाली, कमलेश चंद्र समिती झाली. नाव बदलले. पण वेतनाला अजून वेतन म्हणत नाहीत, ‘वेळेशी निगडित सातत्य भत्ता’ म्हणतात. २०१८ च्या मे-जूनमधला दोन आठवड्यांहून लांबलेला संप झाल्यावर चार तासांच्या ब्रँच पोस्टमास्तरला १२ हजार आणि पाच तासांच्याला साडेचौदा हजार एवढा मूळ भत्ता मिळाला.

चार तास कागदावरचे. टपाल, मनीऑर्डर, बचत खाते, सुकन्या, विमा, आणि सप्टेंबर २०१८ पासून पेमेंट्स बँक. वर महिन्याचे टार्गेट, मेळावे, ‘एवढी खाती आजच उघडा’ असा फोन. नेटवर्क नसेल तर टेकडीवर जाऊन उपकरण धरायचे. ऑफिससाठी जागाही ब्रँच पोस्टमास्तरनेच द्यायची. पेन्शन नाही. आणि याच डाकसेवकांच्या जागा (२०२३ मध्ये ४०,८८९, २०२४ मध्ये ४४,२२८) सरकारी नोकरी म्हणून जाहिरातीत झळकतात, दहावीला नव्वद टक्क्यांवर गुण मिळवलेली, पदवी घेतलेली मुले त्यात येतात. सरकार वाढत्या अर्थव्यवस्थेची बँक गावोगावी नेऊ पाहते आणि ती नेणाऱ्या माणसाला आपला कर्मचारी म्हणायला तयार नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

खात्यातल्या बाकीच्यांनीही निश्चिंत राहू नये. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा आला, जून २०२४ पासून तो लागूही झाला, आणि पत्रे वाहण्याचा टपाल खात्याचा एकाधिकार त्यात उरला नाही. २०२४ च्या अखेरीस आरएमएसची खालच्या पातळीवरची सॉर्टिंग ऑफिसे वरच्या ऑफिसांत मिसळली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. प्रत्येक विलीनीकरणाच्या पत्रात ‘कर्मचाऱ्यांवर परिणाम होणार नाही’ असे एक वाक्य असते. आज असलेल्या माणसावर होत नाही, हे खरे. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागेवर होतो.

पेन्शन आणि कायदे यांचे धागेही इथेच येऊन मिळतात. कायम माणूस नेमला की त्याला म्हातारपण असते, आणि सरकारला ते म्हातारपण नको आहे. म्हणून १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. महाराष्ट्रातल्या राज्य कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप केला, इतर राज्यांत रान पेटले, तेव्हा कोठे ऑगस्ट २०२४ मध्ये युनिफाइड पेन्शन योजना पुढे आली. तीत कामगाराच्या पगारातून दहा टक्के कपात चालूच. ती निवडण्याची मुदत २०२५ मध्ये सरकारला दोनदा वाढवावी लागली, यावरून कामगारांनी तिची किंमत किती केली ते दिसते. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेतही बिनअंशदायी पेन्शनच्या बोजाचा उल्लेख मुद्दाम घातलेला आहे. २००४ पूर्वीच्या जुन्या मंडळींनी तो वाचावा आणि ‘आमचे तर सुटले’ म्हणणे सोडून द्यावे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. संपाच्या नोटिशीची अट आजवर रेल्वेसारख्या लोकोपयोगी सेवांना होती, ती आता सर्व उद्योगांना. निम्म्या कामगारांनी एकदम किरकोळ रजा घेतली तरी तो संप. आणि ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना परवानगीवाचून नोकरकपात करू शकतो. आधी माणूस कमी करा, मग उरलेल्याचे तोंड बंद करा.

आता थोडे आपसांत. रिकाम्या जागेचा ओव्हरटाइम मिळतो म्हणून काही भाऊ गप्प बसतात. डबल ड्युटीने मुलीच्या फीची सोय होते, हे आम्हाला ठाऊक आहे, त्यात कोणाला नावे ठेवायची नाहीत. पण जी डबल ड्युटी आपण तीन वर्षे सवयीने करतो, ती चौथ्या वर्षी वर्क स्टडीवाला ‘एका माणसाचे काम’ म्हणून लिहून नेतो, आणि ती जागा कायमची जाते. तुमच्याच मुलाने ज्या जागेसाठी अर्ज भरला होता ती.

म्हणून भुसावळ असो, खांडवा असो, काजीपेठ असो की हुबळी, जिथे जिथे हा अंक पोहोचेल तिथल्या शाखांना आमचे सांगणे आहे. येत्या महिन्यात आपल्या डेपोतली, शेडमधली, गँगमधली, स्टेशनातली, सॉर्टिंग आणि बटवडा ऑफिसातली मंजूर जागांची यादी काढा. समोर प्रत्यक्ष हजर माणसांचा आकडा लिहा. जागा कधीपासून रिकामी आहे आणि तिचे काम सध्या कोण करतो, हे तिसऱ्या-चौथ्या रकान्यात लिहा. डाकसेवकांनी कागदावरचे तास आणि प्रत्यक्ष तास असे दोन रकाने करावेत. कागद साधा असू द्या, पण आकडा तपासून घ्या. एक आकडा खोटा निघाला की साहेब उरलेले नव्याण्णव नाकारतो. ही यादी नोटीस बोर्डावर लावा, प्रत डीआरएम किंवा सुपरिंटेंडेंटला पोच घेऊन द्या, आणि एक प्रत विभागीय सचिवांकडे पाठवा. रेल्वे आणि टपाल, दोन्हींच्या याद्या एकत्र करून पुढच्या अंकापासून विभागवार छापायला आम्ही जागा राखून ठेवली आहे.